बीजीव्हीच्या अहवालात 'रेड' आलं तेव्हा: एका पडताळणी सेवेबद्दल

नोकरीआधीची पार्श्वभूमी पडताळणी, म्हणजे कंपन्यांच्या भाषेत बीजीव्ही, करून देणाऱ्या एका एजन्सीशी माझा गेल्या वर्षी तीन आठवडे संबंध आला. मी त्यांचा ग्राहक नव्हतो. ग्राहक माझी नवी कंपनी होती आणि मी त्यांच्या कामाचा विषय होतो. तरीही परीक्षण मीच लिहितोय, कारण त्या कामाचा भार माझ्या घरावर पडला. पाचपैकी दोन गुण देतो. त्यातला एक त्यांच्या हेल्पलाइनवरच्या एका मुलीसाठी आहे आणि दुसरा शेवटी अहवाल दुरुस्त केल्याबद्दल. एजन्सीचं नाव लिहीत नाही. हीच पद्धत इतर ठिकाणीही चालते, असं मला नंतर बऱ्याच ओळखीच्या लोकांकडून कळलं.

मी स्टोअर्सचा माणूस. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नऊ वर्षं स्टोअर्स सांभाळलं. तळेगावच्या एका गोदामात इन्चार्जची जागा मिळाली, पगार बरा होता, धाकट्या मुलीची शाळा जवळ पडणार होती. राजीनामा दिला, नोटीस पीरियड पूर्ण केला. २०२५ च्या ऑगस्टची ३१ तारीख जुन्या कंपनीतला शेवटचा दिवस होता आणि ८ सप्टेंबरला नव्या ठिकाणी हजर व्हायचं होतं. मधे गणपती, म्हणून मुद्दाम तशा तारखा घेतल्या होत्या.

३ सप्टेंबरला, गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नव्या कंपनीच्या एचआर मॅडमचा फोन आला. "सर, तुमच्या बीजीव्हीमध्ये दोन चेक क्लिअर नाहीत. एक अंबर आहे, एक रेड आहे. क्लिअर होईपर्यंत जॉइनिंग होल्डवर ठेवतोय." मी विचारलं, रेड म्हणजे नेमकं काय? त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "क्रिमिनल रेकॉर्ड फाउंड असं आलंय."

घरात आरतीची तयारी चालू होती. मी फोन घेऊन गॅलरीत गेलो आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो. माझ्यावर आयुष्यात कधी साधी तक्रार झालेली नाही. बायकोने विचारलं, "अहो, कुणाचा फोन?" तर तिला सांगायलाही तोंड उघडेना. जे केलंच नाही ते केलं नाही हे कसं सिद्ध करायचं, हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा पडला.

अंबरचं, म्हणजे पिवळ्या, शंकेच्या शेऱ्याचं आधी सांगतो, ते लवकर सुटलं. चाकणच्या आधी मी २०१५ ते २०१६ अशी दीड वर्षं रांजणगावला एका ठेकेदाराकडे होतो. पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा क्रमांक, तेव्हाच मिळाला. मी सोडून गेल्यावर ठेकेदाराने पीएफच्या नोंदीत माझी सोडल्याची तारीख भरलीच नाही. त्यामुळे सर्व्हिस हिस्टरीत असं दिसत होतं की मी २०१५ पासून आजपर्यंत त्याच्याकडेही आहे आणि २०१६ पासून कारखान्यातही आहे. अहवालात त्याला 'ड्युअल एम्प्लॉयमेंट' म्हटलं होतं. एकाच वेळी दोन नोकऱ्या हा शब्द ज्याने वाचला त्याला माझ्याबद्दल काय वाटलं असेल, याचा विचार करून मला झोप लागली नाही.

पण इथे पीएफ कार्यालयाची सोय कामी आली. जानेवारी २०२० पासून सदस्याला स्वतःच सोडल्याची तारीख भरता येते. पोर्टलवर लॉग इन केलं, 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट' उघडलं, जुनी कंपनी निवडली, तारीख आणि कारण भरलं, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी आला, झालं. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने उलटलेले असावे लागतात आणि तारीख त्या शेवटच्या वर्गणीच्या महिन्यातलीच द्यावी लागते. म्हणून आधी पासबुक उघडून तो महिना नीट बघून घ्या. घाईत चुकीची तारीख भरली तर पुढे दुरुस्तीचा व्याप वेगळा. माझं एका संध्याकाळी आटोपलं. पासबुकाची प्रत आणि बदललेली सर्व्हिस हिस्टरी एचआरला पाठवली, तिसऱ्या दिवशी अंबरचं हिरवं झालं. ज्यांनी कधी ठेकेदाराकडे काम केलंय त्यांनी हे आजच बघून घ्यावं. नोकरी बदलायचा विचार नसला तरी.

शिक्षणाचा चेक, पत्त्याचा चेक सगळे हिरवे होते. शिवाजी विद्यापीठाची माझी बी.कॉम.ची पदवी विनातक्रार पास झाली. राहिलं ते रेड.

मी एजन्सीच्या हेल्पलाइनला फोन केला. पहिल्या दोन वेळा एकच उत्तर: "आम्ही फक्त क्लायंटशी बोलतो, तुमच्या एचआरशी संपर्क करा." एचआरला फोन केला तर त्या म्हणाल्या, "आम्हाला एजन्सीकडून जसं येतं तसं आम्ही बघतो." दोघांच्या मधे मी. तिसऱ्यांदा फोन एका मुलीने उचलला. आवाजावरून विशी-बाविशीची असेल. तिनेही आधी तेच सांगितलं. मी म्हटलं, "ताई, मला एवढंच सांगा, मी काय केलंय असं तुमचा कागद म्हणतो?" ती गप्प झाली. मग हळू आवाजात म्हणाली, "सर, केसचा नंबर मी फोनवर देऊ शकत नाही. पण तुमच्या एचआरकडे पूर्ण रिपोर्ट गेलेला असतो, परिशिष्टासकट. तो लेखी मागा. ईमेलवर मागा. आणि डिस्प्यूट हा शब्द वापरा, म्हणजे आमच्याकडे वेगळी केस उघडते."

हे वाक्य मला कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर दोन दिवस वाचले असते. तोवर मी फोनवर विनवण्या करत होतो आणि विनवणीची नोंद कुठेच होत नाही. त्याच दिवशी, म्हणजे ५ तारखेला, ईमेल लिहिला: अहवालाची संपूर्ण प्रत परिशिष्टांसह द्यावी, न्यायालयीन नोंदीबाबतचा निष्कर्ष मला मान्य नाही, मी औपचारिक डिस्प्यूट नोंदवत आहे. एचआरने संध्याकाळी प्रत पाठवली. त्याबद्दल त्या मॅडमचे आभार. सगळीकडे देत नाहीत असं ऐकतो.

प्रत उघडली आणि पाचव्या पानावर सगळं कळलं. माझं आडनाव जाधव. वडिलांचं नाव ज्ञानदेव. माझं पहिलं नाव आमच्या वयाच्या पोरांमध्ये दर वर्गात दोघांचं तरी असायचं. एजन्सीने माझ्या कायमच्या पत्त्यावरून सातारा जिल्हा धरला, ई-कोर्ट्सवर, म्हणजे न्यायालयांच्या सरकारी वेबसाइटवर, पक्षकाराच्या नावाने शोध घेतला आणि जिल्ह्यातल्या एका प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालयात २०१७ सालचा एक खटला सापडला. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३२४, ५०४, ५०६. गावच्या भांडणांत तेव्हा नेहमी लागायची ही कलमं, मारहाण, शिवीगाळ, धमकी. आरोपीचं नाव माझंच, आडनाव माझंच. वडिलांचं नाव मात्र ज्ञानेश्वर. अहवालात त्यापुढे लिहिलं होतं, 'पार्शल मॅच'. आणि पहिल्या पानावर, जिथे एचआरची नजर जाते तिथे, त्या 'पार्शल'चा मागमूस नव्हता. तिथे फक्त लाल चौकोन.

ज्ञानदेव आणि ज्ञानेश्वर ही आपल्याकडे दोन वेगळी माणसं असतात. संतांचा उल्लेख करताना आपण दोन्ही नावं एकाच अर्थाने घेतो हे खरं, पण रेशनकार्डावर ती दोन घरं आहेत. हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पण जिथे ही नोंद तपासली गेली तिथे इंग्रजी अक्षरांत पहिली पाच अक्षरं सारखी दिसली आणि काम संपलं. ज्ञ इंग्रजीत कुणी डीएनवाय लिहितो, कुणी जीवाय. जाधवच्या इंग्रजी स्पेलिंगला विदर्भात शेवटी व्हीऐवजी ओ लागतो. एकाच माणसाच्या शाळेच्या दाखल्यावर, पॅनवर आणि पीएफमध्ये तीन स्पेलिंगं असतात. आपल्या नावांची ही परिस्थिती असताना नुसत्या नावावरून माणूस ओळखायचा म्हणजे चूक होणारच.

आमच्या स्टोअर्समध्ये एम-आठचा बोल्ट तीन लांबींमध्ये यायचा. चलनावर तिन्हीचं नाव एकच असायचं. नऊ वर्षांत मी एकदाही चलनावरचं नाव बघून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, केला नाही. पार्ट नंबर बघायचा, लांबी मोजायची, बॅच बघायची, मगच माल आत. लाइनवर चुकीचा बोल्ट गेला तर गाडी परत येते. इथे तर माणसाची नोकरी जाणार होती.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. अहवालात खटल्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक होता. मी तो मोबाइलवर ई-कोर्ट्समध्ये टाकला. खटला निकाली निघालेला होता, २०२२ मध्ये, आणि निकालाच्या रकान्यात स्पष्ट लिहिलं होतं: निर्दोष मुक्तता. खाली निकालपत्राची पीडीएफ जोडलेली होती. ती उघडली तर पहिल्याच पानावर आरोपीचं वर्णन, जसं आपल्या कोर्टांच्या निकालपत्रात असतं तसं: वय ५४ वर्षे, धंदा शेती, राहणार अमुक गाव. मी ४१ वर्षांचा. खटला दाखल झाला तेव्हा ३३ चा होतो आणि चाकणला तिन्ही पाळ्यांमध्ये राबत होतो.

एवढं सगळं मला गॅलरीत उभं राहून, फुकट, पाच मिनिटांत दिसलं. ज्यांना या कामाचे पैसे मिळतात त्यांनी ती पीडीएफ उघडली नव्हती. आणि समजा तो माणूस मीच असतो, तरी न्यायालयाने ज्याला निर्दोष सोडलं त्याच्यापुढे 'क्रिमिनल रेकॉर्ड फाउंड' लिहायचं? त्या शेतकऱ्याने पाच वर्षं तारखा भोगल्या असतील. निकाल त्याच्या बाजूने लागला. आणि तीन वर्षांनी त्याच्याच नावाने कुठल्यातरी कंपनीच्या संगणकात लाल चौकोन. माझ्या चिंतेत त्याची चिंता मिसळली ती अजून सुटलेली नाही.

मी पीडीएफ, माझा शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन असं सगळं डिस्प्यूटमध्ये जोडून पाठवलं. उत्तर ८ तारखेला आलं, ज्या दिवशी मी नव्या कंपनीत असायला हवं होतं: वेबसाइटवरची प्रत ग्राह्य नाही, प्रमाणित नक्कल द्यावी. ज्या वेबसाइटवरून त्यांनी मला लाल ठरवलं तीच वेबसाइट मला हिरवं ठरवायला चालत नव्हती. हे मी ईमेलमध्ये नम्रपणे लिहिलंही. त्या वाक्याला उत्तर आलं नाही.

मधल्या काळात पिंपरी-चिंचवड पोलिसांच्या चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठीही ऑनलाइन अर्ज टाकला होता. ते नीट मिळालं, पण एजन्सी म्हणाली, पोलिसांचा चेक वेगळा आणि कोर्ट रेकॉर्डचा चेक वेगळा, एकाने दुसरा बंद होत नाही. प्रमाणपत्र जपून ठेवलंय, पण नुसत्या त्याच्या भरवशावर कुणी राहू नये.

९ तारखेला स्वारगेटहून पहाटेची एसटी धरली. आण्णा, म्हणजे माझे वडील, गावाहून परस्पर त्या तालुक्याच्या स्टँडवर येऊन थांबले होते. वय बहात्तर. मी नको म्हटलं होतं. मला बघून म्हणाले, "तुझ्याबरोबर कोर्टात कोणीतरी घरचं पाहिजे. आपल्या घरातलं कुणी या पायरीवर चढलं नाही आजपर्यंत." मी म्हटलं, आण्णा, मी आरोपी नाही, नक्कल काढायला आलोय. ते म्हणाले, "माहितीये मला. पण बघणाऱ्याला काय माहीत?" डोक्यावरची टोपी काढून त्यांनी पुन्हा नीट बसवली आणि माझ्या पुढे चालायला लागले.

मी त्या खटल्यात पक्षकार नसल्यामुळे नक्कल सरळ मिळत नव्हती. वकील गाठावा लागला, कारणासह अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. वकीलसाहेबांनी दीड हजार घेतले आणि काम मनापासून केलं. नक्कल विभागातल्या क्लार्कने अर्ज वाचून मान वर केली आणि विचारलं, "नोकरीसाठी होय? नावामुळं?" मी हो म्हटलं. अर्ज पुढे सरकवताना तो काही बोलला नाही, पण त्याला हे नवीन नव्हतं, एवढं चेहऱ्यावरून कळलं. १७ तारखेला नक्कल हातात आली. त्याच संध्याकाळी स्कॅन करून पाठवली, मूळ प्रत कुरिअरने.

२५ तारखेला सुधारित अहवाल आला. कोर्ट रेकॉर्ड: नो मॅच. हिरवा. सोबत दिलगिरीचा एक शब्द नाही, चूक कशी झाली याचं एक वाक्य नाही. 'पुरवलेल्या अतिरिक्त कागदपत्रांच्या आधारे' एवढंच. वाचणाऱ्याला वाटावं की कागद माझे कमी पडले होते.

पूर्ण सप्टेंबरचा पगार गेला. घराचा १८,४०० चा हप्ता बायकोच्या भिशीतून भरला. प्रवास, वकील, कुरिअर वेगळं. याची भरपाई मागण्याची जागा मी शोधली. कर्जाच्या बाबतीत नियम पक्का आहे: क्रेडिट अहवालात चूक असेल आणि तक्रार करूनही ती ३० दिवसांत सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये मिळतात. रिझर्व्ह बँकेने ते एप्रिल २०२४ पासून लागू केलंय. माझा भाचा न्यू जर्सीत असतो, त्याने सांगितलं की तिकडे १९७० पासूनचा कायदा आहे. अशा अहवालावरून नाकारायचं असेल तर आधी माणसाला अहवालाची प्रत द्यावी लागते आणि त्याने हरकत घेतली की एजन्सीला साधारण ३० दिवसांत तपास करावा लागतो. आपल्याकडे नोकरीच्या पडताळणीसाठी असा वेगळा कायदा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कलम १२ आहे, स्वतःबद्दलची चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण या हक्काची प्रत्यक्ष अंमलबजावणी त्यानंतर अठरा महिन्यांनी. म्हणजे माझ्यासारख्याला तोवर ईमेल आणि एसटी.

म्हणून राजीनामा देण्याआधी दोन संध्याकाळी काढा, असं मी आता भेटेल त्याला सांगतो. पीएफची सर्व्हिस हिस्टरी बघा. ई-कोर्ट्सवर आपल्या जिल्ह्यात आणि जिथे जिथे राहिलात त्या जिल्ह्यांत आपलं नाव टाकून बघा. नामसाधर्म्याचा खटला दिसला तर निकालपत्र उतरवून ठेवा आणि पडताळणीचा फॉर्म भरतानाच 'हा मी नाही' असं लेखी कळवा. आणि शक्य असेल तर नव्या कंपनीला म्हणा, पडताळणी आधी पूर्ण करा, मग मी राजीनामा देतो. मी हे विचारायला लाजलो. नव्या लोकांना आपण संशयी वाटू असं वाटलं.

एजन्सीकडून मला तीन गोष्टी हव्या होत्या, आणि त्या अवघड नाहीत. वडिलांचं नाव आणि वय जुळल्याशिवाय लाल रंग देऊ नका. निर्दोष सुटलेल्याला गुन्हेगार लिहू नका. आणि अहवाल कंपनीकडे जाण्याआधी ज्याच्याबद्दल आहे त्याला एकदा दाखवा. शेवटची गोष्ट केली असती तर मी ३ तारखेआधीच पीडीएफ पाठवली असती आणि हे सगळं घडलंच नसतं. त्या हेल्पलाइनवरच्या मुलीला हे कळत होतं. तिच्या वरच्यांना का कळू नये?

मी १ ऑक्टोबरला हजर झालो. त्या दिवशी खंडेनवमी होती. गोदामात फोर्कलिफ्टना आणि वजनकाट्याला झेंडूचे हार घातले होते, आणि पहिल्याच दिवशी नारळ फोडायला मला पुढे केलं. नवे सहकारी चांगले आहेत. रेडबद्दल कुणी विचारलं नाही. एचआर मॅडमनी ते कुणाला सांगितलं नसावं.

एक काम बाकी आहे. माझा अहवाल हिरवा झाला, पण तो खटला त्यांच्या साठ्यात माझ्या नावाला अजून चिकटलेला आहे की काढला, हे मला माहीत नाही. तसंच त्या खटल्याच्या नोंदीपुढे निर्दोष मुक्तता असं लिहिलं का, तेही. उद्या त्या माणसाचा मुलगा, किंवा तो स्वतः, कुठे वॉचमनच्या नोकरीला उभा राहिला तर? दोन्ही प्रश्न विचारणारं पत्र मी ऑक्टोबरमध्ये स्पीड पोस्टाने पाठवलं. पोच आली आहे. उत्तर अजून नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला मी त्यांना त्याची आठवण करून देतो.